पहिली लिव्हर-ॲक्शन रायफल: आधी राज्य, मग काडतूस, मग बंदूक

लिव्हर-ॲक्शन, म्हणजे चापाखालचा (ट्रिगरखालचा) दांडा खाली-वर करून पुढचं काडतूस भरायची रायफल, घ्यायची म्हटलं की बहुतेक जण मार्लिन, विंचेस्टर की हेन्री या कंपन्यांपासून सुरुवात करतात. क्रम उलटा हवा. शिकार कोणत्या राज्यात करणार, हे पहिलं. त्यावरून काडतूस ठरतं आणि काडतूस ठरलं की बंदुकीचे पर्याय तीन-चारच उरतात. हा मजकूर अमेरिकेत राहणाऱ्या, रेंजवर नेमबाजी करू इच्छिणाऱ्या आणि हंगामात व्हाइटटेल हरणाच्या शिकारीला जाणाऱ्या मराठी वाचकांसाठी आहे. भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली हरणाची शिकार गुन्हा आहे, त्यामुळे शिकारीबद्दलचं इथलं काहीही तिकडे लागू नाही.

व्हिसा आणि राज्य

एच-वन-बी, एल-वन, एफ-वन अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या संघराज्य कायद्यानुसार बंदूक आणि काडतुसं बाळगायला एरवी बंदीच आहे. रेंजवर तासाभरासाठी भाड्याने घेतलेली रायफलही ‘बाळगणं’ यातच मोडते. या बंदीला काही अपवाद आहेत. त्यातला आपल्या कामाचा म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याने दिलेला, मुदतीत असलेला शिकारीचा परवाना. परवान्याची मुदत संपली की सवलतही संपते आणि घरातली रायफल त्या दिवसापासून बेकायदा ठरते. याचे परिणाम थेट इमिग्रेशनवर होतात, म्हणून नूतनीकरणाची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि शंका असेल तर खरेदीआधी वकिलाला विचारा. ग्रीन कार्डधारकांना आणि नागरिकांना ही अट नाही. दुकानात फॉर्म ४४७३ (बंदूक घेणाऱ्याची माहिती देणारा संघराज्याचा अर्ज) भरणं आणि पार्श्वभूमी तपासणी मात्र सगळ्यांनाच आहे.

आता राज्य. न्यू जर्सीत मराठी माणसं भरपूर, पण तिथे हरणासाठी सेंटरफायर रायफल (तळाच्या मध्यावर आघात झाला की पेटणाऱ्या काडतुसाची) चालतच नाही. शॉटगन, मझललोडर (नळीच्या तोंडातून भरायची बंदूक) किंवा धनुष्य वापरावं लागतं. त्यामुळे तिथले बरेच शिकारी रायफल घेऊन पेन्सिल्व्हेनियात जातात. पेन्सिल्व्हेनियात लिव्हर-ॲक्शन सर्रास चालते, फक्त फिलाडेल्फिया आणि पिट्सबर्गभोवतीच्या विशेष नियमांच्या पट्ट्यांचे नियम वेगळे आहेत. रायफलच्या हंगामात तिथे डोकं, छाती आणि पाठ मिळून निदान २५० चौरस इंच भडक नारिंगी कापड अंगावर लागतं. ओहायोत सरळ भिंतीच्या पुंगळीचीच (पुंगळी म्हणजे काडतुसाचं दारू भरलेलं धातूचं कवच) काडतुसं चालतात, म्हणजे गळ्याशी निमुळती न झालेली, .३५७ ते .५० इंच व्यासाची. इलिनॉयने २०२३ पासून रायफलला परवानगी दिली, पण एका वेळी एकच काडतूस भरता येईल अशीच. म्हणजे लिव्हर-ॲक्शन तिथे बाद. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कोणत्याही शिकारीला शिशाची गोळी चालत नाही, तांब्याची घ्यावी लागते. टेक्सासमध्ये सेंटरफायर असली की झालं. नियम दरवर्षी थोडेफार बदलतात, तेव्हा चालू हंगामाची राज्याची नियमपुस्तिका वाचूनच दुकानात जा. हंटर एज्युकेशनचा कोर्सही आधीच उरकून घ्या. बहुतेक राज्यांत नवख्याला त्याशिवाय परवाना मिळत नाही.

काडतूस

ज्या राज्यात बंधन नाही, तिथे पहिल्या रायफलसाठी आमचं उत्तर एकच: ३०-३०, उच्चारी थर्टी-थर्टी. १८९५ मध्ये ते बाजारात आलं आणि बिनधुराच्या दारूवर चालणाऱ्या पहिल्या अमेरिकन शिकारी काडतुसांपैकी ते एक. १५० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) गोळी कारखान्याच्या आकड्यांप्रमाणे सेकंदाला सुमारे २,३९० फूट वेगाने निघते, १७० ग्रेनची सुमारे २,२००. हे आकडे २४ इंची चाचणी-नळीचे असतात. तुमच्या २० इंची नळीतून शंभरेक फूट कमी धरा. धक्का मध्यम असतो, रेंजवर वीस गोळ्या झाडल्या तरी खांदा कुरकुरत नाही. बहुतेक व्हाइटटेल जंगलात १०० यार्डांच्या आत मारली जातात आणि त्या अंतरासाठी हे काडतूस पुरून उरतं.

एक गोष्ट इथेच पक्की लक्षात घ्या. या रायफलींमध्ये नळीखाली दुसरी नळी असते, तीच मॅगझिन. काडतुसं तिच्यात एकामागे एक, आडवी असतात, म्हणजे मागच्या गोळीचं टोक पुढच्या काडतुसाच्या प्रायमरला, म्हणजे तळाच्या ठिणगी पाडणाऱ्या टोपणाला, टेकलेलं असतं. टोकदार कडक गोळी असेल तर धक्क्याने पुढचं काडतूस मॅगझिनमध्येच फुटू शकतं. म्हणून चपट्या किंवा बोथट गोल टोकाची गोळीच वापरायची. याला ठळक अपवाद म्हणजे हॉर्नडी कंपनीची लिव्हरेव्होल्यूशन काडतुसं. त्यांच्या गोळीचं टोक मऊ, दबणाऱ्या पॉलिमरचं असतं आणि ती ट्यूब मॅगझिनसाठीच, म्हणजे नळीच्या मॅगझिनसाठीच, बनवलेली आहेत. मित्राने हाताने भरून दिलेली टोकदार काडतुसं कितीही स्वस्त मिळोत, ट्यूबमध्ये घालू नका.

चपट्या टोकामुळे गोळीला हवेचा अडसर जास्त होतो. १५० ग्रेनची साधी गोळी १०० यार्डांवर नेमकी बसवली, तर २०० यार्डांवर साधारण आठ इंच खाली जाते. १६० ग्रेनची लिव्हरेव्होल्यूशन १०० यार्डांवर तीन इंच वर बसवली, तर २०० वर जवळपास मध्यावर आणि ३०० वर सुमारे फूटभर खाली येते. या आकड्यांमुळे अंतर वाढवायचा मोह होतो, पण उघड्या साईटवर (दुर्बिणीशिवाय, नळीवरच्या नेमाच्या खुणांवर) पहिल्या हंगामात १५० यार्ड ही स्वतःची हद्द माना.

ओहायोसारख्या राज्यात, किंवा शिकारीपेक्षा रेंजवर जास्त वेळ जाणार असेल तर, .३५७ मॅग्नम घ्या. १५८ ग्रेनची गोळी रिव्हॉल्व्हरमधून सेकंदाला जेमतेम १,२०० फूट वेगाने निघते, पण रायफलच्या १८-२० इंची नळीतून तीच १,७०० च्या पुढे जाते. शंभर यार्डांपर्यंत हरणासाठी ती पुरते. मात्र गोळी १५८ ग्रेनची सॉफ्ट पॉइंट, म्हणजे मऊ उघड्या शिशाच्या टोकाची, हवी. १२५ ग्रेनची हलकी हॉलो पॉइंट (टोकाला पोकळ) गोळी पिस्तुलाच्या वेगासाठी बनवलेली असते. रायफलच्या वेगाला ती कातडीखालीच फुटून पसरते आणि आत शिरत नाही. या रायफलीचा खरा फायदा सरावात दिसतो. तिच्यात .३८ स्पेशल चालतं, जे स्वस्त आहे, पन्नासच्या डब्यात मिळतं आणि ज्याचा धक्का जवळपास जाणवतच नाही. मात्र .३८ ची पुंगळी आखूड असल्याने चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या खोबणीत) तिच्यापुढे काजळीचं कडं जमतं. शंभर-दोनशे .३८ झाडल्यावर तो भाग ब्रशने घासल्याशिवाय .३५७ भरू नका, नाहीतर काडतूस पूर्ण बसत नाही किंवा रिकामी पुंगळी अडकते.

.४४ मॅग्नम हरणासाठी .३५७ पेक्षा जोरकस, पण सरावाला महाग. .३६० बकहॅमर २०२३ मध्ये आलं. ते सरळ भिंतीच्या राज्यांसाठीच, ३०-३० च्या पुंगळीवरून तयार केलेलं आहे. शिकारीला उत्तम, पण लहान गावच्या दुकानात काडतुसं मिळतील याची खात्री नाही.

४५-७० पहिली म्हणून घेऊ नका. १८७३ चं हे काडतूस अस्वलाला भारी पडतं, हरणाला त्याची गरज नाही. जोरदार भरलेलं काडतूस सात पौंडांच्या रायफलीतून झाडलं की नवख्याला चाप ओढताना डोळे मिटायची सवय लागते आणि ती मोडायला वर्ष जातं. नेमबाजी बिघडवणारी याहून वाईट सवय नाही.

खिशाला परवडत असेल तर जोडीला .२२ ची लिव्हर-ॲक्शन घ्या. हेन्री एच-००१ यासाठी चांगली. हरणावर .२२ चालवायची नाही, बहुतेक राज्यांत तो गुन्हाच आहे. पण लिव्हर, घोडा (मागचा हातोडा, हॅमर) आणि चाप यांचा हात बसवायला तिच्यासारखी दुसरी नाही.

कोणती बंदूक

मार्लिन ३३६ ही १९४८ पासूनची रचना. वरून बंद असते, रिकामी पुंगळी बाजूने फेकते, त्यामुळे वर दुर्बीण सरळ बसते. मार्लिन कंपनी २००७ मध्ये रेमिंग्टनकडे आणि २०२० मध्ये रुगरकडे गेली. रुगरने २०२३ मध्ये ३३६ क्लासिक पुन्हा आणली. जुन्या बाजारात नळीवर ‘जे एम’ असा शिक्का असलेल्या, म्हणजे रेमिंग्टनआधीच्या, मार्लिनना मागणी असते आणि किंमतही तशीच लागते. रेमिंग्टनच्या सुरुवातीच्या वर्षांतली घेत असाल तर साईट नळीवर सरळ बसली आहे का आणि लाकूड लोखंडाला नीट भिडलं आहे का, हे डोळ्यांनी तपासा.

विंचेस्टर ९४ जॉन ब्राउनिंगची, १८९४ सालची. मार्लिनपेक्षा हलकी आणि अंगाने सडपातळ. दिवसभर हातात धरून चालायची असेल तर तिच्यासारखी तीच. जुनी ९४ पुंगळी वरून फेकते, म्हणून तिच्यावर दुर्बीण नीट बसत नाही. तिरपी फेकणारी रचना १९८० च्या दशकात आली. १९६४ आधीच्या बंदुका संग्राहक जमवतात, त्यामुळे किंमत नेमबाजीची नसून नावाची असते. आजच्या नव्या ९४ जपानमध्ये मिरोकू बनवते आणि काम सुबक असतं.

हेन्रीची ३०-३० पूर्वी फक्त मॅगझिनच्या पुढच्या टोकाकडून भरता यायची. बाजूच्या, काडतूस आत सारायच्या खिडकीची मॉडेल २०१९ पासून आली. पुढून भरण्याचा एक मोठा गुण असा की रिकामी करताना आतली नळी बाहेर काढली की काडतुसं तळहातावर घरंगळतात. मग आत उरलेलं लिव्हर चालवून काढायचं. घरात मुलं असतील तर हा गुण हलका समजू नका. पितळी रिसीव्हरचं (नळीमागच्या, यंत्रणा असलेल्या मधल्या धडाचं) मॉडेल दिसायला देखणं असलं तरी पोलादीपेक्षा पौंडभर जड असतं. डोंगर चढायचा असेल तर पोलादीच.

.३५७ मध्ये स्वस्तात हवी असेल तर ब्राझीलची रोसी आर-९२. वजनाने हलकी आणि मजबूत, पण नवी असताना आत थोडी खरखरते. पाचशे वेळा रिकामी चालवली की मऊ होते. ब्राउनिंग बीएलआर आणि हेन्री लाँग रेंजर यांना पेटीसारखं मॅगझिन असल्याने टोकदार गोळ्या आणि .३०८ सारखी काडतुसं चालतात, पण किंमत वर जाते आणि पहिल्या रायफलीला त्याची गरज नसते.

दुकानात हे करा: दुकानदाराला विचारून, रिकामी असल्याची स्वतः खात्री करून, रायफल खांद्याला लावा आणि डोळे मिटा. गाल दस्त्यावर (खांद्याला टेकणाऱ्या लाकडावर) सहज टेकवा, मग डोळे उघडा. पुढची साईट मागच्या खाचेत दिसायला हवी. मान ताणावी किंवा डोकं दाबावं लागत असेल तर दस्ता तुमच्या मापाचा नाही. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर कारखान्यात साधारण साडेतेरा इंच ठेवतात. ठेंगण्या माणसाला, आणि थंडीचं जाड जॅकेट घातलेल्या कोणालाही, ते लांब पडतं. म्हणून मोजमाप शिकारीच्या जॅकेटसकट करा.

जुनी बंदूक तपासताना

आधी स्क्रूंच्या खाचा बघा. त्या चेंगरलेल्या असतील तर कोणीतरी चुकीच्या स्क्रूड्रायव्हरने आत हात घातला आहे आणि मग आत काय काय हललं असेल सांगता येत नाही. मालकाच्या परवानगीने, रिकाम्या बंदुकीचा घोडा मागे ओढा, चापाला हात न लावता अंगठ्याने घोड्यावर पुढच्या दिशेने जोर द्या. घोडा सुटला तर ती बंदूक तिथेच ठेवा. लिव्हर बंद असताना किंचित हलली तर चालते, पण बोल्ट, म्हणजे चेंबर मागून बंद करणारा सरकता ठोकळा, मागेपुढे खुळखुळायला नको. नळीत बोअर लाइट टाकून पुढच्या तोंडाकडून पाहा. आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या वळत्या खाचा) तोंडाशी गोल झिजलेले असतील तर पुढून बेफिकीरपणे साफ केल्याचं ते लक्षण, आणि नेम त्यानेच जातो. शेवटी सहा डमी काडतुसं भरून, सावकाश आणि मग जोराने, दोन्ही प्रकारे चालवून बघा. जुन्या मार्लिनमध्ये काडतूस वर उचलणारी पट्टी झिजते. मग दुसरं काडतूस तिच्याखाली सरकतं आणि सगळं अडकून बसतं. दुरुस्ती होते, पण तो खर्च किमतीतून वजा करून बोला.

साईट, शून्य आणि सराव

बहुतेक बंदुकांना खाचेची मागची साईट येते. जवळच्या अंतरावर ती ठीक. चाळिशीनंतर मागची खाच धुरकट दिसू लागते, तेव्हा छिद्राची पीप साईट लावा. डोळा छिद्राच्या मध्यातून आपोआप बघतो, तुम्ही फक्त पुढची साईट हरणावर ठेवायची. आमच्या मते लिव्हर-ॲक्शनवर केलेला हाच सगळ्यात उपयोगी खर्च आहे. दुर्बीण हवीच असेल तर १-४ किंवा २-७ पटीची, कमी उंचीच्या रिंगांवर. ३-९ ची जाडजूड दुर्बीण बंदुकीचा तोल बिघडवते आणि गालाचा टेकाही सुटतो. दुर्बीण लावली की घोड्यापर्यंत अंगठा पोचत नाही, म्हणून घोड्याला बाजूला आडवी खुंटी जोडावी लागते. ती छोटी वस्तू आहे, पण ती नसेल तर घोडा अंगठ्यातून निसटायचा धोका कायम राहतो.

शून्य बांधायला, म्हणजे नेम धरला तिथेच गोळी बसेल अशी साईट लावायला, २५ यार्डांपासून सुरुवात करा. पुढचं लाकूड वाळूच्या पिशवीवर टेकवा, नळी कधीच नाही, कारण नळी टेकली की गोळी उंच जाते. तीन गोळ्या झाडा आणि त्यांचा मध्य बघा, एकेकीचा पाठलाग करू नका. दुर्बिणीचा एक टिचका बहुधा १०० यार्डांवर पाव इंचाचा असतो. म्हणजे २५ यार्डांवर एक इंच हलवायला १६ टिचके, १०० यार्डांवर चार. उघड्या साईटसाठी नियम असा: मागची साईट गोळी जिकडे न्यायची तिकडे, पुढची त्याच्या उलट. किती हलवायची तेही काढता येतं. गोळी किती इंच चुकली, गुणिले दोन साईटमधलं अंतर, भागिले लक्ष्यापर्यंतचं अंतर, सगळं इंचांत. साईटमध्ये १७ इंच असतील आणि १०० यार्डांवर, म्हणजे ३,६०० इंचांवर, गोळी ४ इंच खाली बसत असेल तर मागची साईट सुमारे ०.०१९ इंच उचलायची.

दर तीन गोळ्यांनंतर पाच मिनिटं थांबा. बारीक नळी, तिला कड्याने बांधलेली मॅगझिन आणि लाकूड हे सगळं तापलं की एकमेकांवर दाबतं आणि गोळ्या हळूहळू वर सरकतात. पुष्कळ जण यालाच बंदुकीचा दोष समजून साईट फिरवत बसतात. शिकारीत लागते ती थंड नळीतली पहिली गोळी. ती कुठे बसते हे तीन वेगवेगळ्या दिवशी तपासून वहीत लिहा. १०० यार्डांवर तीन इंचांत तीन गोळ्या बसल्या तर लिव्हर-ॲक्शनकडून यापेक्षा जास्त मागायचं कारण नाही.

मग टेबल सोडा. नऊ इंचांची कागदी ताटली ५० यार्डांवर लावा आणि उभ्याने, गुडघ्यावर, झाडाला टेकून अशा पाच-पाच गोळ्या झाडा. ज्या अंतरावर आणि ज्या पवित्र्यात पाचही ताटलीत बसतात, ती तुमची शिकारीची हद्द. चार बसल्या तर ते अंतर अजून तुमचं नाही, कारण पाचवी म्हणजे जखमी होऊन पळालेलं जनावर.

हाताळणी

लिव्हर अर्धवट ओढणं ही नवख्याची नेहमीची चूक. हळूवार ओढली की पुंगळी बाहेर पडत नाही, किंवा पुढचं काडतूस पूर्ण उचललं जात नाही आणि बोल्ट त्यावर अडकतो. थेट शेवटपर्यंत खाली, थेट शेवटपर्यंत वर, आणि रायफल खांद्यावरून न काढता. हे घरी डमी काडतुसांवर शंभर वेळा करा. लिव्हर चालवताना चापावर बोट नको.

बाजूच्या खिडकीतून भरताना प्रत्येक काडतूस पूर्ण आत ढकलू नका. मागची कडा खिडकीत थोडी बाहेर ठेवा आणि पुढच्या काडतुसाने ते आत सारा. झाकण अंगठ्याला चावत नाही.

घोडा उतरवणं हे या बंदुकीचं सगळ्यात नाजूक काम. नळी सुरक्षित दिशेला, अंगठा घोड्यावर घट्ट. चाप किंचित दाबा, घोडा सुटल्याचं अंगठ्याला जाणवताच चाप सोडून द्या आणि मगच घोडा सावकाश खाली आणा. चाप सोडलेला असला की अंगठा निसटला तरी घोडा अर्ध्यावरच्या खाचेत अडकतो. हेन्रीच्या ३०-३० ला अर्ध्यावरची खाच नाही, आत ट्रान्सफर बार आहे, म्हणजे चाप दाबलेला असतानाच घोड्याचा फटका काडतुसापर्यंत पोचवणारी पट्टी. तिथेही चाप वेळेत सोडायचा तो याच कारणासाठी. गार पडलेल्या बोटांनी किंवा जाड हातमोज्यात हे जंगलात पहिल्यांदा करू नका, घरी रिकाम्या बंदुकीवर हातमोजे घालूनच शिका.

हरीण आडवं उभं असताना पुढच्या पायाच्या मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यावर नेम धरा. पलीकडे माती किंवा चढ नसेल तर गोळी झाडू नका. हरीण पळालं तर निदान अर्धा तास थांबून माग काढा. लगेच मागे धावलात तर जखमी जनावर आणखी मैलभर जातं.

सफाईला मार्लिन सोपी आहे. लिव्हरचा एक स्क्रू काढला की लिव्हर निघते, बोल्ट मागून निघतो आणि नळी मागच्या बाजूने साफ करता येते. खाचेत घट्ट बसणारा, सपाट पात्याचा स्क्रूड्रायव्हर वापरा. बोल्ट निघताच रिसीव्हरमधला इजेक्टर (पुंगळी बाहेर फेकणारा भाग) सुटून खाली पडतो, म्हणून खाली पांढरं फडकं अंथरा आणि परत जोडताना तो बोल्टच्या आधी, त्याचं बोंड रिसीव्हरच्या भोकात बसवून, लावा. विंचेस्टर ९४ मात्र उगाच खोलू नका. तिची नळी पुढूनच, तोंडाला गाइड लावून, साफ करा.